हांक कोणीं मारावी?

संकटांत सांपडलेल्या मनुष्याची हांक ऐकून धावून जावें, हें आपल्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. तें शेजारधर्माचें पहिलें कलम आहे. परंतु ती हांक शेजारच्या बंद दारामागून येत असेल, आणि तिच्या मागें कोणा मनुष्याचा अपराध असावा असा संशय येत असेल, तर मात्र आपले पाय उंबरठ्यावर अडखळतात. अशा वेळीं पोलिसांस कळवावें कीं नाहीं, केव्हां कळवावें, आणि कळवावयाचें तर नेमकें काय कळवावें, हा प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा दिसतो. भिंतीवर क्रमांक लिहून ठेवला म्हणजे तो सुटला, अशीही आपली समजूत असते. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे; आणि क्रमांक तोंडपाठ असलेला मनुष्यही त्यांत नापास होऊं शकतो, हें मी स्वानुभवानें सांगतों.

मी लातुरास महाविद्यालयांत शिकवितों आणि राहतों रेणापुरास, वडिलांच्या घरीं. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस एके रात्रीं मी उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. अकरा वाजून गेले होते. पलीकडच्या बोळांतील एका घरांतून प्रथम भांडीं आदळल्याचा आवाज आला, मग एका बाईचें किंचाळणें, आणि मग मध्येंच कापल्यासारखी शांतता. थोड्या वेळानें पुन्हा किंचाळणें. मी उठून खिडकीशीं गेलों. बोळांतल्या आणखी दोन खिडक्यांत उजेड झाला, आणि त्यांतला एक लगेच मालवला. मोबाईल माझ्या हातांतच होता. एक, एक, दोन हे आंकडे मीं दाबलेही. परंतु त्यापुढील हिरव्या खुणेवर बोट गेलें नाहीं. मनांत एकाच वेळीं चार वाक्यें उभीं राहिलीं: नवराबायकोचें भांडण असेल, आपलाच गैरसमज असेल, कोणीतरी कळविलेंच असेल, आणि उद्यां सकाळीं त्या माणसाचें तोंड पाहावयाचें आहे. पुढें आवाज थांबला. थांबला म्हणून मला बरें वाटलें, हें लिहितांना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशीं कळलें कीं त्या बाईचा हात मोडला आहे. कांहीं दिवसांनीं ती माहेरीं निघून गेली. वर्षभरानें लातूरच्या बसस्थानकावर ती अकस्मात् भेटली. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. वाकून नमस्कार केला आणि एवढेंच म्हणाली, "सर, त्या रात्री तुमच्या खिडकीत दिवा होता." तिच्या स्वरांत तक्रार नव्हती. जें दिसलें तें तिनें सांगितलें, इतकेंच. मला तें जमलें नव्हतें.

प्रथम मला कोडें पडलें तें असें. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यांतील माझ्या वयाचा कोणीही मनुष्य विसरूं शकणार नाहीं. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली असतां, चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर व आसपासचीं गांवें दगडमातीच्या ढिगाऱ्याखालीं गेलीं. उजाडल्यावर जिकडून तिकडून माणसें निघालीं. आम्ही तरुण मुलें रेणापुराहून मिळेल त्या वाहनानें गेलों. भाकरी बांधून देणाऱ्या बायांनीं त्या कोणत्या जातीच्या घरीं जाणार हें विचारलें नाहीं; ढिगारा उपसणारांनीं खालीं खरोखर कोणी जिवंत आहे याची खात्री होईपर्यंत वाट पाहिली नाहीं. संशय आला तेथें हात घातला. मग तींच माणसें, त्यांतला मीही एक, चाळीस हातांवरच्या हांकेला कां उठत नाहींत?

माझ्या मतें याचें कारण असें कीं भूकंपांत आरोपी नसतो. तेथें मदत करणें म्हणजे कोणावर ठपका ठेवणें नव्हे. गुन्ह्याच्या हांकेंत मात्र मदत आणि आरोप हीं एकमेकांत गुंतलेलीं दिसतात. एकीला वांचवावयास जावें, तर दुसऱ्याला गुन्हेगार म्हटल्यासारखें होतें. आणि तेवढी खात्री तर आपल्यापाशीं नसते. मग आपण नकळत न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतों, पुरावा अपुरा आहे म्हणून खटला काढून टाकतों, आणि या निकालास सभ्यपणा असें नांव देतों. खरा घोटाळा येथेंच आहे. आपणांस न्यायाधीश कोणीं नेमिलें होतें? आपण होतों साक्षी. आपल्याला ऐकूं आलें, आपल्याला दिसलें, तेवढें योग्य जागीं पोंचविणें इतकेंच साक्षीचें काम. खरें काय, खोटें काय, अपराध कोणाचा, शिक्षा किती, हें ठरविण्यासाठीं समाजानें पायरीपायरीनें निराळीं माणसें बसविलीं आहेत. खात्री करून घेणें हें हांकेनंतरचें काम आहे. तें आधीं उरकण्याचा हट्ट म्हणजे बहुधा भीतीनें पांघरलेली शाल असते.

कायद्याचा रोखही हाच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा म्हणतो कीं असा प्रकार घडला, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असें मानावयास ज्यास कारण आहे त्या कोणाही मनुष्यास संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर देतां येते. आणि ती सद्भावनेनें दिली असेल तर तिच्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाहीं. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानें तर खबर देणें हें प्रत्येकाचें कर्तव्यच ठरविलें असून न देणें शिक्षेस पात्र केलें आहे. खून, दरोडा यांसारख्या कांहीं भयंकर अपराधांची माहिती असणाऱ्यानें ती सबळ कारणाशिवाय दडवून ठेवूं नये, असें जुनी फौजदारी संहिता सांगत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेली नागरिक सुरक्षा संहिताही तेंच सांगते. कायद्याला जी खात्री लागत नाहीं, ती माझ्या सभ्यपणाला लागत होती.

साक्षीनें न्यायाधीश होण्याचा हा एकच प्रकार नाहीं. याच्या अगदीं उलट दिसणारा दुसरा आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून पसरत होती. भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांवर लोकांनीं संशय घेतला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलींत त्यांना ठार होईपर्यंत मारलें. पांचही निरपराध होते. यांतील पहिल्या संशयाला मी दोष देत नाहीं. अनोळखी मनुष्य लेंकराशीं बोलतांना पाहून आईच्या मनांत शंका आली, तर ती येऊं द्यावी. परंतु ज्या यंत्रावर अफवा आली, त्याच यंत्रावर तीन आंकडे दाबून ती शंका तपासावयास देणें आणि पांचही जणांस पोलीस येईपर्यंत सुखरूप बसवून ठेवणें, एवढेंच त्या शंकेचें योग्य काम होतें.

माझी रात्र आणि राईनपाड्याची दुपार यांची तोलानें तुलना करतां येणार नाहीं, हें मी जाणतों. तथापि त्यांचें मूळ मला एकच दिसतें. मला खात्री नव्हती म्हणून मीं हांक मारली नाहीं; जमावाला खात्री होती म्हणून त्याला हांक मारण्याची गरज वाटली नाहीं. दोघांनींही निकाल आपल्या हातांत घेतला. आपली शंका आपल्याजवळ न ठेवतां, ती तिऱ्हाइताच्या तपासणीखालीं ठेवण्याची तयारी ही या दोहोंच्या मधली वाट आहे.

येथें एक जुना आक्षेप पुढें येतो: ही तर चहाडी झाली. चहाडीबद्दलचा आपला तिटकारा योग्यच आहे, आणि मराठवाड्यांत तर त्याला इतिहासाचा आधार आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या अखेरच्या काळांत रझाकारांनीं जो छळ मांडला, तो सोसलेल्या पिढीला सरकारदरबारीं खबर देणारा मनुष्य फितूर वाटे. कारण दरबार आणि छळणारा यांत तिला अंतर दिसत नव्हतें. त्या दलाचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरांतच वकिली करीत असे. आमच्या घरांतील वडीलधारी माणसें "पोलिसांच्या पायरीला पाय लागूं नये" असें म्हणत, तें या आठवणींतून. परंतु चहाडखोर आणि साक्षी यांतील भेद सूक्ष्म नाहीं. चहाडखोर बलवानाच्या कानाशीं लागतो, दुर्बळाचें गुपित विकतो, आणि मोबदला घेतो. साक्षी दुर्बळासाठीं बोलतो, समोर घडत असलेलें सांगतो, आणि त्याला मिळतो तो बहुधा मनस्तापच. 'दुसऱ्याच्या घरांतली गोष्ट' हा बचावही येथें लटका पडतो. घराची भिंत संसाराची लाज झांकण्यासाठीं असते. मोडलेला हात झांकण्यासाठीं नव्हे.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि त्याला हंसून चालणार नाहीं. २९ सप्टेंबर २००६ रोजीं भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजी येथें भोतमांगे या दलित कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. त्यापूर्वीं एका मारहाणीच्या प्रकरणांत त्या आईनें, सुरेखाबाईंनीं, पोलिसांपुढें आरोपी ओळखून दाखविले होते. ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशीं हा हल्ला झाला. खरें बोलण्याची किंमत किती असूं शकते याचें याहून भयंकर उदाहरण महाराष्ट्रानें अलीकडे पाहिलेलें नाहीं. म्हणून गरीब, एकाकी, वस्तीच्या कडेला राहणाऱ्या मनुष्यानें साक्षीला कचरावें, तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाहीं.

परंतु या उदाहरणाचा विचार करतां करतां मला दुसरीच गोष्ट दिसूं लागली. सुरेखाबाई उघड्यावर पडल्या, कारण त्यांच्यासारखें बोलणारीं माणसें भोंवतीं नव्हतीं. एका साक्षीवर सूड उगवतां येतो. वीस साक्षींवर येत नाहीं. भोंवतालच्यांचें मौन हेंच बोलणाऱ्याचें संकट वाढवितें. तेव्हां भीतीवरचा उतारा हांका कमी करणें हा नसून त्या वाढविणें हा आहे. साक्षींना संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१८ मध्यें मान्य केली, आणि नव्या संहितेनें तशी योजना करण्याचें काम राज्यांवर सोंपविलें. हें योग्यच झालें. तथापि योजना कागदावरून बोळांत उतरेपर्यंत आधार शेजाऱ्यांच्या संख्येचाच. शिवाय ज्याला भीति कमी, त्याचें ऋण अधिक. मला काय होणार होतें? शेजाऱ्यानें नमस्कार करणें सोडलें असतें. सुरेखाबाईंच्या भीतीचा आडोसा मीं घ्यावा, हें मला शोभणारें नव्हतें.

तिसरें वाक्य होतें, 'कोणीतरी कळविलेंच असेल.' याची परीक्षा अमेरिकेंत दोघां मानसशास्त्रज्ञांनीं, डार्ली व लाताने यांनीं, केली व ती १९६८ मध्यें प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या खोल्यांत बसविलेल्या विद्यार्थ्यांस ध्वनियंत्रावरून एका सोबत्याला झटका आल्याचें ऐकविलें. ऐकणारे आपण एकटेच आहों असें ज्यांस वाटलें, त्यांतील शेंकडा ८५ जणांनीं झटका संपण्यापूर्वींच बाहेर येऊन कळविलें; आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांस वाटलें, त्यांतील शेंकडा ३१ जणांनीं. हीं माणसें निष्ठुर नव्हतीं. त्यांनीं आपलें कर्तव्य मनांतल्या मनांत पांच जणांत वांटून टाकलें होतें. या प्रयोगामागें न्यूयॉर्कमधील १९६४ च्या एका खुनाची कथा होती. अडतीस शेजाऱ्यांनीं तो पाहिला आणि कोणीं पोलिसांस कळविलें नाहीं, असें तेथील एका मोठ्या दैनिकानें छापलें होतें. पुढें तो आंकडा फुगविलेला ठरला, आणि २०१६ मध्यें त्या दैनिकानेंही आपल्या वृत्तांतांतील दोष मान्य केला. शेजाऱ्यांवर कमी सांगितल्याचा आरोप करणाऱ्यानें स्वतः पाहिल्याहून अधिक सांगितलें होतें. आमच्या बोळांत त्या रात्रीं तीन खिडक्या उजळल्या होत्या. तिघांनींही बहुधा उरलेल्या दोघांवर भरंवसा ठेवला.

आतां हांक कशी मारावी, हें पाहूं. ज्यांना हें निव्वळ तंत्र वाटतें त्यांना मी सांगेन कीं वरील सर्व नीति या तंत्रांतच सांठविलेली आहे. आपत्काळासाठीं एकच लहानसा क्रमांक असावा ही कल्पना एका चुकलेल्या हांकेंतून जन्मली. नोव्हेंबर १९३५ मध्यें लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील आगींत पांच स्त्रिया मेल्या. शेजाऱ्यानें दूरध्वनि केला होता, पण तो इतर साध्या बोलावण्यांच्या रांगेंत अडकून पडला. त्यानें वर्तमानपत्राला पत्र लिहिलें, आणि १९३७ त लंडनला ९९९ हा क्रमांक सुरू झाला. आपला ११२ हा त्याच कुळांतला. महाराष्ट्रांत हा क्रमांक फिरविला म्हणजे बोलावणें नवी मुंबईच्या केंद्रांत, किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रांत घेतलें जातें. तेथून तें त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तेथून जवळच्या गाडीकडे जातें.

म्हणून प्रथम सांगावयाचें तें स्थळ. शेंकडों मैलांवर बसलेल्या त्या मनुष्यास आमचा बोळ ठाऊक नाहीं. 'रेणुकादेवीच्या देवळाजवळ' एवढें म्हटलें, तर त्याच्या डोळ्यांपुढें माहूर उभें राहील. जिल्हा, तालुका, गांव, गल्ली आणि एखादी ठळक खूण, या क्रमानें सांगावें. मध्येंच बोलणें तुटलें तरी निदान गाडी निघूं शकते. त्यानंतर, काय घडत आहे. आणि येथें साक्षीची कसोटी लागते. 'तो तिला मारून टाकतो आहे' असें मीं म्हटलें असतें, तर तें मला ठाऊक नव्हतें. 'बाईचें किंचाळणें दोनदां ऐकूं आलें, भांडीं आदळल्याचा आवाज आला, मध्येंच शांत झालें' हें मला ठाऊक होतें, आणि तेवढें पुरेसें होतें. माणसें किती, हत्यार दिसलें काय, कोणी जखमी आहे काय, गाडीचा क्रमांक, कोणत्या दिशेनें गेले. जें पाहिलें तें सांगावें, जें पाहिलें नाहीं तें विचारल्यास 'ठाऊक नाहीं' म्हणावें. मनुष्याची जात, त्याचा पेहराव 'तसला' असणें, त्याच्याविषयीं गांवांत बोलतात तें, हें सर्व गाळावें. राईनपाडा तेथूनच सुरू होतो. समोरचा पुरे म्हणेपर्यंत बोलणें तोडूं नये. आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंति करतां येते. आणि स्वतः मध्यें पडून दुसरा बळी होऊं नये. दुरून लक्ष ठेवणारा साक्षी अधिक उपयोगी.

केव्हां, याचें उत्तरही यांतच आहे. गुन्हा घडत असेल, नुकताच घडला असेल, किंवा घडण्याच्या बेतांत असेल, आणि उशीर झाल्यास कोणाच्या जिवास अपाय संभवत असेल, तर ११२. काल रात्रीं सायकल चोरीस गेली असेल, तर पोलीस ठाणें. त्या चोरीसाठीं अडविलेली वाट दुसऱ्या कोणाच्या श्वासाची असूं शकते. गुन्हा आपल्या हद्दींत घडला नाहीं म्हणून ठाण्यानें परत पाठवूं नये, अशी झिरो एफआयआरची तरतूद आतां संहितेंतच आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्येंच सांगितलें आहे. बालकांसाठीं १०९८, स्त्रियांच्या मदतीसाठीं १८१, आणि मोबाईलवरून पैसे लुबाडले गेल्यास १९३० हे क्रमांक आहेत. या शेवटच्यांत पहिल्या कांहीं घटकांचाच उपयोग असतो, कारण पैसे हातोहात पुढें जातात. मुद्दाम खोटी खबर देणें हा अर्थात् गुन्हा आहे. प्रामाणिक गैरसमज हा नव्हे.

एवढ्यानें आपण ऋणमुक्त झालों असें मात्र नाहीं. पोलीस येऊन गेल्यावर त्या बाईला त्याच घरांत राहावयाचें असतें, आणि दाराशीं आलेली गाडी कधीं कधीं तिच्यावरच काढलेल्या रागाचें निमित्त होते. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो हांक न मारण्याचें कारण नसून हांकेपाशीं न थांबण्याचें कारण आहे. दुसऱ्या दिवशीं घरांतील बाईमाणसानें तिची विचारपूस करावी, दवाखान्यांत सोबत जावें, तिची स्वतःची इच्छा काय आहे हें तिलाच विचारावें. शेजार हा एका रात्रीचा नसतो.

गेल्या हिवाळ्यांत रात्रीं उशिरां समोरच्या, कुलूप लावलेल्या घराच्या माळवदावर दोन माणसें चढतांना मला दिसलीं. मीं ११२ ला बोलावलें. जें दिसलें तेवढेंच सांगितलें. गाडी आली. ती माणसें म्हणजे घरमालकाचे पुण्याहून आलेले पुतणे निघाले. किल्ली आणावयास विसरले होते. घरमालक परगांवाहून आल्यावर दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं बोलला, आणि जातांना आपला मोबाईल क्रमांक देऊन गेला.

त्या वेळीं माझा समज चुकीचा होता. त्याची किंमत दोन दिवसांचा अबोला. तीन वर्षांपूर्वीं माझा समज बरोबर होता, आणि तो मीं खिडकीशींच ठेवला. त्याची किंमत माझ्याकडून कोणीं मागितली नाहीं. ती त्या मुलीनें दिली.